काढा, पंप आणि राबाचा धूर

'मला दमा आहे' असं मी ऑफिसात कधीच सांगत नाही. 'थोडी डस्ट अ‍ॅलर्जी आहे' हे कसं जरा स्टायलिश वाटतं! ऐरोलीच्या थंडगार एसीत छाती भरून आली की निळा पंप घेऊन गुपचूप वॉशरूम गाठायचं, हा माझा जुना फंडा.

मागच्या हिवाळ्यात मात्र ठरवलं, आता सगळं नॅचरल! आजोळ शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, शहापूरहून एसटी पकडायची. आजीच्या कुंपणालाच अडुळसा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला हमखास असतो. त्याची पानं, आलं, गूळ घालून आजी काढा उकळायची, मी बाटली भरून आणायची. जोडीला सकाळी अनुलोम-विलोम. महिनाभरात कफ सुटला, झोप लागायला लागली. झालं! रोजचा स्टेरॉइडचा पंप मी डॉक्टरांना न विचारताच बंद केला. 'सवय लागते हं त्याची' हे शेजारच्या काकूंपासून टीम लीडपर्यंत सगळ्यांनी ऐकवलेलंच होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी गावी गेले. पावसाआधी भाताची रोपं जिथे करायची, तिथे शेण, पाला, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. संध्याकाळी वारा पडला आणि तो धूर गावावरच बसला. रात्री दोनला छातीत शिट्टी वाजायला लागली. निळा पंप? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये!

मामाने जीप काढली. सरळगावमार्गे मुरबाड. त्या रस्त्यावर मला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. आजी पाठीवर हात फिरवत एकच विचारत होती, "माझ्या काढ्यानं झालं का गं असं?" आणि 'नाही' म्हणण्याएवढाही श्वास माझ्याकडे नव्हता.

मुरबाडच्या दवाखान्यात नेब्युलायझर लावल्यावर जीव जागेवर आला. "पंप का बंद केलात?" डॉक्टरांनी विचारलं. "नॅचरल ट्राय करत होते." ते हसले नाहीत. म्हणाले, "राबाचा धूरही नॅचरलच होता ना?"

मग त्यांनी नीट समजावलं. अडुळसा काही थोतांड नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन त्यातल्याच व्हॅसिसीनवरून तयार झालंय. पण दम्याचं मूळ श्वासनलिकेच्या सुजेत असतं. ती रोजच्या पंपाने आटोक्यात राहते. पंप थांबवला की हळूहळू परत येते, आणि धूर मिळाला की भडकते. शिवाय पंप म्हणजे 'स्ट्राँग' औषध, हाही गैरसमजच. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या 40 पट. फवारा थेट फुफ्फुसात जातो, म्हणून थोडक्यात भागतं. अनुलोम-विलोमने श्वासाची घाई कमी होते, मन शांत होतं. तेही हवंच, पण पंपाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

तर मंडळी, आता रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, नंतर न विसरता चूळ. निळा पंप कायम पर्समध्ये. काढा चालू आहे, तोही डॉक्टरांना सांगून. राब भाजायच्या दिवसांत गावी जात नाही, आजीच मुंबईला येते. ऑफिसात पंप आता डेस्कवरच घेते. पहिल्या दिवशी दोघांनी वळून पाहिलं. तिसरा जेवणाच्या सुट्टीत हळूच येऊन म्हणाला, "माझ्याकडेही आहे."

आजीचा मात्र त्या रात्रीनंतर काढ्यावरचा हातच उडाला होता. काढ्याचा काही दोष नव्हता, त्याला न झेपणारं काम मीच दिलं होतं, हे तिला पटवायला दोन महिने लागले. आता ती फोनवर आधी विचारते, "पंप घेतलास का गं?" मग, "आणि काढा?"

याच क्रमाने.