द्राक्षांच्या गाडीबरोबर न्हावा-शेव्याला



शेती खात्यात नोकरी करता करता केस पिकले. पण आपला माल जिथून बोटीवर चढतो ते बंदर काही मी पाहिले नव्हते. द्राक्षाच्या हंगामात तो योग आला. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचा कंटेनर न्हावा-शेव्याला निघाला, आणि मी चालकाशेजारी जागा धरली.

इगतपुरी मागे पडली, कसारा घाट लागला. रात्रीची वेळ, ट्रकांची रांग आणि डिझेलचा धूर. चालक म्हणाला, "साहेब, भाड्यातला मोठा घास हा धूरच खातो." शहापूर, भिवंडी, पनवेल करीत पहाटे उरणच्या रस्त्याला लागलो. खाडीचा खारा वारा आला. वाटेत जासई लागते. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. बंदर १९८९ साली सुरू झाले. मी मनोमन हात जोडले.

बंदरावर नवल पाहिले. अवजड ट्रक, पण ना धूर, ना घरघर! सप्टेंबर २०२५ मध्ये इथे ५० विजेच्या ट्रकांचा ताफा सुरू झाला. बंदरातल्या सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणायचे असे ठरले. बॅटरी उतरली की ती काढून भरलेली बसवायची. दमलेली बैलजोडी सोडून ताजी जुंपावी, तसेच हे.

चालकाने विचारले, "माझ्या मेव्हण्याची एकच जुनी गाडी आहे. त्याला काही मिळंल का?"

मी त्याला सांगितले ते तुम्हांलाही सांगतो. केंद्राची 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना २०२४ साली आली. एकूण रक्कम १०,९०० कोटी रुपये. त्यात विजेच्या ट्रकांसाठी ५०० कोटी आणि सर्व प्रकारच्या वाहनांच्या सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी. ट्रकामागे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार सवलत; मात्र जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला हवा. चार्जिंगच्या जागी रोहित्र, तारा, वीजजोडणी यांच्या खर्चाला ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. सरकारी आवारात, सर्वांना खुले असेल तर, १०० टक्क्यांपर्यंत.

चालक जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जुनी गाडी मोडली, नवी कर्जानं घेतली, आणि घाटाच्या अलीकडं बॅटरी संपली तर?"

प्रश्न बिनतोड होता. बंदरातली गाडी रोज त्याच चार वाटांनी फिरते. तिला एक ठाणे पुरते. आपला माल शिवारातून निघतो. वाटेत चार्जिंग नसेल तर सवलतीची गाडी दारात उभी राहील, हप्ता मात्र चालू. म्हणून मेव्हण्याने तूर्त घाई करू नये, असेच मी सांगितले.

पण आपण गप्पही बसू नये. बाजार समितीच्या आवारात चार्जिंगची मागणी करा, आणि त्यासाठी रोहित्र वेगळे मागा. शेतीपंपाच्या डीपीवर तो भार आला, तर रात्री पाणी भरायला उठणाऱ्याचेच नुकसान.

परतताना पुन्हा जासई लागली. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली तेही शेतकरीच. त्या बंदराचा नवा लाभ शेतकऱ्याच्या बांधापर्यंत यायला हवा.