तेर येथील वस्तुसंग्रह

मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय पाहून आलेले विद्यार्थी त्याचे वर्णन कौतुकाने करितात; परंतु आपल्या औशाहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा तेर गावी काय आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. गोरोबाकाकांचे गाव एवढीच त्याची ओळख. वस्तुतः इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हेच गाव ‘तगर’ म्हणून आले आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगराचे कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई.

गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमविल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेथे आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली निघालेल्या भारतीय मूर्तीशी तिचे साम्य आहे.

आम्हांस मात्र मण्यांनीच अधिक वेळ खिळवून ठेविले. ते ज्या मातीतून निघाले ती पांढरी दाराबाहेरच आहे. मुंबईस हे कोठून दिसणार? गावोगावची अशी माती लोक खत म्हणून शेतात नेतात, आणि तीबरोबर काय काय जाते कोण जाणे! पालकहो, मुलाने शेतातून खापर किंवा मणी आणिला, तर फेकून देण्यापूर्वी तो नेमका कोठे सापडला हे त्यास जरूर विचारावे.

तेरला गेल्यास त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन देऊळही पाहावे.