दिव्याखालीं अंधार

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत माझ्या चिरंजीवानें शिष्यवृत्तीचे पैसे खर्चून खेळांकरितां संगणक जुळविला. पॉवर सप्लायपाशीं मात्र मीं हात आखडता घेतला. ‘५०० वॅट’ असें ठळक छापलेला स्वस्त डबा मींच निवडला. खेळ ऐन रंगांत येतांच यंत्र बंद पडे, आणि मी खेळाच्या नादास दोष देऊन मुलालाच बोल लावीं.

एके रात्रीं त्यानें डब्यावरील बारीक अक्षरांचा तक्ता मजपुढें धरिला. १२ व्होल्टच्या वाहिनीवर अवघे २० अँपिअर. म्हणजे २४० वॅट! त्याचें आरटीएक्स ३०६० कार्ड एकटेंच १७० वॅट घेई; त्यावर प्रोसेसरचे ६५, आणि क्षणिक उसळ्या निराळ्याच. निर्मात्याची शिफारस ५५० वॅटच्या सप्लायची होती.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हें सूत्र मी वीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. घरीं मात्र तें लावून पाहिलें नाहीं. पुढें आम्हीं १२ व्होल्टवर ५४ अँपिअर देणारा, ६५० वॅटचा सप्लाय आणला. यंत्र आतां बंद पडत नाहीं. मुलाची क्षमा मला मागावी लागली; ती त्यानें हंसत दिली.

विद्यार्थिमित्रहो, ठळक अक्षरांस भुलूं नका. आणि दोष देण्यापूर्वीं हिशेब करा.