नळी

आमच्या पिढीत अर्ध्या वस्तीचा वाढदिवस १ जूनला येतो. आईबापाला तारीख सांगता येत नव्हती आणि मास्तरला रजिस्टर भरायचं होतं. त्यानं १ जून ठोकून दिली. माझ्या बायकोचीही तीच. तिची आय म्हणायची, "सुगीत झालीस, एवढं ध्यानात हाय." लग्नानंतर आम्ही ठरवलं, मास्तरनं दिलेली का होईना, तारीख आपली. त्या दिवशी दोघांनी बाहेर जेवायचं.

२०२३ चा १ जून पॅरिसात आला. तिच्या कंपनीनं तिला तीन महिन्यांसाठी तिकडं पाठवलं होतं. मी रजा टाकली, पतपेढीचं कर्ज काढलं आणि गेलो. ती नवी साडी नेसली होती. टेबलावर मेणबत्ती, आजूबाजूला हातात हात घालून बसलेली जोडपी. आम्ही पंचेचाळिशीतले. तरी धीर करून मी तिचा हात धरला. चारचौघांत पहिल्यांदाच.

पण दोस्तहो, मेनूकार्ड उघडलं आणि प्रेम राहिलं बाजूला. ती हसायलाच लागली. "अहो, ही बघा नळी!"

खरंच नळी होती. हाड उभं चिरून भट्टीत भाजलेलं, वर जाडं मीठ, सोबत भाजलेला पाव. नऊ युरो, म्हणजे आठशे रुपये. त्याखाली 'त्रिप', म्हणजे तासन् तास शिजवलेली वजडी. त्याखाली 'बुदँ न्वार', म्हणजे आतड्यात भरलेली आपली रक्ती. जे खाल्लं म्हणून गावानं आमच्याकडं बघून नाकं मुरडली, ते सगळं ओळीनं छापलेलं.

'रेस्तराँ' हा शब्दच रश्शाचा. अठराव्या शतकात पॅरिसात अंगात ताकद भरून आणणाऱ्या मांसाच्या रश्शाला रेस्तराँ म्हणत. तो विकणाऱ्या दुकानाला पुढं तेच नाव पडलं. १८५५ च्या सुमारास द्युवाल नावाच्या खाटकानं कामगारांसाठी स्वस्त मांस-रश्शाची खानावळ काढली. तसल्या खानावळींना 'बुइयाँ' म्हणतात, म्हणजे रस्साच. आम्ही बसलो होतो तीही बुइयाँच. खाटकाचा धंदा म्हणून तिथं कुणी बाटलं नाही.

म्हणून काही फ्रान्स डोक्यावर घ्या म्हणत नाही मी. आतलं दार उघडलं की भांडी घासणारे दिसत होते. सगळे काळे-सावळे, परमुलखातले.

आणि एक गोष्ट साफ सांगतो. महाडला १९२७ ला बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा तिच्या आज्यानं ते सोडलं. ती बोलते ती नळी खाटकाकडून पैसे मोजून आणलेली. बैलाची. २०१५ च्या कायद्यानं आपल्याकडं तीही बंद झाली.

वेटरनं लांब दांडीचा चमचा ठेवला होता. तिनं तो बाजूला सारला, हाड ताटलीवर ठोकलं आणि ओढून खाल्लं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "इथं चालतं तुम्हाला. घरी का चालत नाही?"

मी गप्प.

२०१७ ला आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. पहिल्याच रविवारी तिनं वजडी केली. बकऱ्याचीच. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, "कसला हो वास येतोय?" मी खिडक्या लावल्या आणि हिला म्हणालो, "पुन्हा नको करू." बंदी सोसायटीनं घातली नव्हती. मी घातली. १४ एप्रिलला स्टेजवरून ओरडणाऱ्या मी. सहा वर्षं ती वजडी फक्त माहेरी खात होती, आणि मला ते माहीत होतं.

मी विचारलं, "वाढदिवसाचं काय देऊ?"

"खिडकी उघडी ठेवा. बाकी काही नको."

बिल तिनंच दिलं.

परत आल्यापासून महिन्यातून एक रविवार घरी वजडी शिजते. खिडकी उघडी असते. खालची माणसं जिन्यात बोलायची थांबली. सोसायटीच्या मीटिंगला वासाचा विषय निघाला, तेव्हा मी उभा राहिलो आणि काय शिजतं ते नाव घेऊन सांगितलं. आवाज कापत होता माझा. पण सांगितलं.