पेटीचा मानापमान

बालमित्रांनो, बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या बरं! खामगाव सापडलं? आता तिथून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा आणि हळूहळू खाली या. मेहकर यायच्या आधी एक गाव लागेल, जानेफळ. हे आपल्या वऱ्हाडातलं, काळ्याभोर जमिनीचं गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन ही या भागातली पिकं. आषाढी वारी आटोपून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परत निघते, तेव्हा लोणार, मेहकर करत ती जानेफळला येते आणि मग खामगावमार्गे शेगावला पोहोचते.

या वाटेवरच्या कुठल्याही गावात संध्याकाळी मुक्काम केलात, तर देवळातून भजन ऐकू येईलच. टाळ वाजत असतात, मृदंग घुमत असतो आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा एक लांबलचक सूर चालू असतो. तो कशाचा? बरोबर, पेटीचा! म्हणजे हार्मोनियमचा. ही पेटी आपल्याला इतकी घरची वाटते, की ती कुठून आली हे विचारावंसंही वाटत नाही.

पण ती मूळची आपली नाही. अलेक्झांडर डेबां नावाच्या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं मोठं होतं आणि पायाने भाता मारून वाजवायचं. आपल्याकडे आल्यावर ते लहान झालं. आपण गाणं-बजावणं जमिनीवर मांडी घालून करतो ना? म्हणून भाता मागच्या बाजूला गेला. डावा हात भाता मारतो आणि उजवा हात पट्ट्यांवर फिरतो.

पेटी आणि पियानो ही तशी चुलत भावंडं. दोघांच्याही पांढऱ्या-काळ्या पट्ट्या सारख्याच, एका सप्तकात बारा. फरक आतमध्ये आहे. पियानोची पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटते. सूर खणकन उमटतो आणि हळूहळू विरतो. पेटीत मात्र भात्यातली हवा पितळेच्या बारीक पट्टीला थरथरवते. हवा आहे तोवर सूर टिकतो. युरोपात शोपॅं, लिस्ट यांच्यासारखे संगीतकार पियानोवर बसून रचना करत आणि स्वतःच त्या वाजवत. मग तुम्ही विचाराल, आपल्या महाराष्ट्रात पट्ट्यांवर बोटं फिरवत चाली रचणारा असा कुणी झाला का?

झाला तर! त्यासाठी जानेफळहून आपल्याला लांब, थेट कोल्हापूरला जावं लागेल. त्यांचं नाव गोविंद सदाशिव टेंबे. जन्म १८८१ सालचा.

त्या वेळी कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं आणि त्यांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेबांसारखे थोर गवई होते. शहरात देवल क्लब नावाची संगीतप्रेमी मंडळींची संस्था होती. छोट्या गोविंदाच्या कानावर असं अव्वल गाणं पडत गेलं. पेटी तो आधी आपली आपणच शिकला. गाणं ऐकायचं, मनात साठवायचं आणि पट्ट्यांवर शोधायचं! पुढे भास्करबुवा बखले यांचा सहवास मिळाला आणि बोटांना खरी दिशा सापडली. अल्लादिया खाँसाहेबांकडे ते रीतसर शिकले नाहीत, पण गुरू मात्र त्यांनाच मानत.

आता घरातल्या मोठ्यांनीही जरा कान द्या हं! गोविंदराव वकिलीची परीक्षा पास झाले होते. काही काळ त्यांनी कोल्हापुरात वकिली केलीही. वकील म्हणजे काळा डगला, बैठकीत मान आणि चार पैसे हमखास. पेटीवाला म्हणजे काय? गवयाच्या बाजूला बसून त्याच्या मागे मागे जाणारा. गाणं रंगलं तर वाहवा गवयाची. त्यातून पेटी हे परदेशी, नवं वाद्य. सारंगी, वीणा यांच्या पंगतीत तिला कोण बसवणार?

आणि पेटीवरचा आक्षेप काही उगाच नव्हता. आपला गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, सरकत जातो. तिला मींड म्हणतात. पेटीत दोन पट्ट्यांच्या मधली जागाच नाही! एक पट्टी सुटली की दुसरी. जिन्याला पायऱ्या असतात, घसरगुंडीला नसतात, तसंच हे. मग पायऱ्यांवरून घसरल्यासारखं वाटावं, हे साधायचं कसं? बोटं इतकी हलकी आणि चपळ हवीत, की मधली फट कानाला कळूच नये. भातासुद्धा गवयाच्या श्वासासारखा कमी-जास्त व्हायला हवा. गोविंदरावांनी हेच कमावलं. भास्करबुवांच्या मैफलींत ते साथ करू लागले. पुढे तर साथ बाजूला ठेवून त्यांनी नुसती पेटी, एकट्याने, लोकांपुढे मांडली. पेटीवाला आता बाजूला नव्हता, मधोमध बसला होता.

एवढ्यात नाटकवाल्यांचं बोलावणं आलं. किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ बसवत होती. तोपर्यंत संगीत नाटकांच्या चाली बहुधा नाटककारच निवडायचा. या वेळी ते काम खास एका माणसावर सोपवलं गेलं, गोविंदरावांवर! आज आपण ज्याला संगीत दिग्दर्शक म्हणतो, ती मराठी रंगभूमीवरची स्वतंत्र जागा त्यांच्यापासून ठळक झाली. त्यांनी काय केलं? उत्तर हिंदुस्थानातल्या ठुमरी-गझलांचे ढंग कानात साठवले होते, ते मराठी पदांना दिले. चाली नव्या कोऱ्या आणि तरीही गुणगुणता येतील अशा.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. गोविंदराव तेव्हा अवघे २९ वर्षांचे. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची, ते २२ वर्षांचे. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. तरीही प्रेक्षकांचा विरस नको म्हणून ते रंगमंचावर उभे राहिले आणि गायले. त्या रात्री त्या चालींमागे केवढं दुःख दडलं होतं, याची नुसती कल्पना करून पाहा.

नाटक तुफान गाजलं. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. वकिली सोडणारा पेटीवाला नाटक कंपनीचा भागीदार झाला! नंतर त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, त्यात संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

नाटक मंडळी गावोगाव फिरत. वऱ्हाडही त्यांच्या वाटेवर असे. कापसाच्या बाजारासाठी खामगावला १८७० सालीच रेल्वे आली होती. नाटकातली पदं अशी माणसांबरोबर फिरायची आणि मग घरोघर, पेटीवर वाजायची.

आता गंमत पाहा. नाटकाचं नाव ‘मानापमान’, आणि पेटीच्या नशिबीही तेच! १९४० साली आकाशवाणीने पेटीला चक्क बंदी घातली. कारण तेच जुनं, तिच्यात मींड नाही. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. गोविंदराव तर १९५५ सालीच गेले होते. ज्या वाद्याने त्यांना नाव दिलं, ते रेडिओवर पुन्हा आलेलं त्यांना ऐकता आलं नाही. पण देवळातल्या भजनाने पेटीला कधीच बाहेर काढलं नाही. तिथे तिची जागा पक्की होती.

तुमच्या घरी, शाळेत किंवा देवळात पेटी असेल, तर मोठ्यांना विचारून एक प्रयोग करा. आधी तोंडाने ‘सा’पासून ‘प’पर्यंत सूर न तोडता सरकत जा. मग तेच पेटीवर वाजवून पाहा. पायऱ्या ऐकू येतील. पुन्हा वाजवा, बोटं हलकी ठेवून, भाता सावकाश मारून. पुन्हा एकदा. पायऱ्या थोड्याशा जरी बुजल्या, तरी गोविंदरावांनी कोल्हापुरात इतकी वर्षं काय शोधलं असेल, ते तुमच्या बोटांना कळायला लागेल.