मुठीचे तीन सेंटीमीटर

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. लेख तांत्रिक नको, आणि ‘अमेरिकेतलं बंदुकांचं वेड’ यावर परखड मत हवं. पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो. उमेदीची वर्षं तेल कंपन्यांसाठी पंप आणि व्हॉल्व्ह डिझाइन करण्यात घालवलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. दुसरी अट मात्र पाळणार नाही. वेडावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ह्यूस्टनमध्ये हँडगन चालवायला शिकवतो, टेक्सासच्या परवान्यासाठीची परीक्षा घेतो, आणि माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारतो: कपड्याखाली लपवून बाळगायचं तर पिस्तूल मोठं घ्यावं की छोटं?

त्याआधी थोडी साफसफाई. पुण्यात गेलो की कुणीतरी काका विचारतातच, “तुमच्याकडे म्हणे भाजीबरोबर पिस्तूल मिळतं?” मिळत नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि १९९८ पासून एफबीआयच्या यंत्रणेतून त्याच वेळी तपासणी होते. एच-वन-बीवर आलेल्या आपल्या मुलांना तर सर्वसाधारणपणे पिस्तूल विकत घेताच येत नाही. उलट इथल्या मंडळींचा गैरसमज दुसऱ्या टोकाचा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागत नाही, म्हणून त्यांना वाटतं आता कुठेही न्यावं. शाळेत चालत नाही. ज्या बारचं ५१ टक्के उत्पन्न दारूचं, तिथे चालत नाही. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात असतो, हे मला दर वर्षी कुणाला तरी बाजूला घेऊन सांगावं लागतं.

तिसरा गैरसमज कौतुकाचा आहे. “म्हणजे राही सरनोबतसारखं?” नाही हो. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्या २५ मीटर पिस्तुलाला पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, २२० मिलिमीटरपर्यंत अंतर चालतं. हत्यार पेटीतून येतं, पेटीतून जातं. ते दिवसभर कमरेला लावून किराणा आणायचा, गाडी चालवायची, कुणाच्या बारशाला मांडी घालून बसायचं, हा प्रश्नच तिथे नाही. आमचा सगळा धंदा याच प्रश्नावर उभा आहे.

गेल्या हिवाळ्यात आलेली एक विद्यार्थिनी डोक्यातून जात नाही. मूळची सांगलीकडची, रात्रपाळी करणारी फार्मासिस्ट, चणीने लहान. मला दादा म्हणते. दुकानातल्या माणसाने तिचे हात पाहिले आणि ‘बायकांना हेच बरं’ म्हणून सगळ्यात छोटं पिस्तूल गळ्यात मारलं. वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, नळी पावणेतीन इंच, मूठ दोन बोटांची. रेंजवर तिला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढता येईना. ती ओढून दिल्यावर पाच-सहा गोळ्यांतच बाईंचे डोळे चाप दाबायच्या आधी मिटायला लागले. मी माझं पूर्ण आकाराचं पिस्तूल हातात दिलं. स्लाइड स्वतः ओढली, डोळे उघडे राहिले, आणि परीक्षेत २५० पैकी १७५ लागतात तिथे ती २३० च्या पुढे गेली. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, सगळं नियमाप्रमाणे. मग तिने आपलं ते तळहाताएवढं पिस्तूल पर्समध्ये टाकलं. “दादा, तुमचं यात मावणार नाही ना.”

कायदा गुण विचारतो, बाळगायच्या हत्यारावरच ते मिळवले का हे विचारत नाही. कागदावर सही माझी आहे.

आणि पर्स! डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाचा चाप ओढला आणि ती तिथेच गेली. हा प्रसंग मी प्रत्येक वर्गात सांगतो. तिलाही सांगितला होता.

छोटं म्हणजे सोपं, ही समजूत कुठून येते हे मला कळत नाही. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं. गोळी तीच आणि हत्यार हलकं, तर मागे येण्याचा वेग वाढणारच. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त हादरे देते, तसंच. शिवाय स्लाइड हलकी म्हणून तिला आवरायला आतली स्प्रिंग ताठ ठेवावी लागते, आणि अशक्त बोटांना नेमकी तीच ओढवत नाही. नेमाचंही गणित आहे. ग्लॉक १७ या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर सुमारे १६५ मिलिमीटर, सिग पी३६५ या छोट्यात सुमारे १३०. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली तर सात मीटरवर मोठ्याची गोळी सव्वाचार सेंटीमीटर चुकते, छोट्याची जवळपास साडेपाच. घाबरलेल्या हातात साइट एक मिलिमीटरवर थांबत नाही. छोटं पिस्तूल हे तयारीच्या माणसाचं हत्यार आहे, आणि दुकानं ते नवशिक्यांना देतात.

मग मोठंच का घेऊ नये? घ्या, आणि एक दिवस वागवून दाखवा. ह्यूस्टनचा ऑगस्ट, पारा ३८ वर, अंगात पातळ कुर्ता आणि कमरेला भरलेलं एक किलोच्या आसपासचं वजन. नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्या आठवड्यात ते कपाटात जातं.

इथे माझा आवडता वाद येतो. संपादकांनी क्षमा करावी, तो तांत्रिक आहे.

लोक पिस्तुलाचा आकार नळीवरून मोजतात. पट्ट्याच्या आत होल्स्टरमध्ये ठेवलेल्या पिस्तुलाची नळी खाली, पँटच्या आत जाते. ती दोन सेंटीमीटर लांब असली तरी कुणाला कळत नाही, उलट लांब नळीमुळे पिस्तूल पोटाशी नीट टेकून राहतं. पट्ट्याच्या वर राहते ती मूठ. वाकलं की शर्टाला टोक काढते तीही मूठच. आमच्यात याला ‘प्रिंट होणं’ म्हणतात. ग्लॉकचेच आकडे घ्या. पूर्ण आकाराचं १७, मधलं १९ आणि छोटं २६ यांची उंची अनुक्रमे १३९, १२८ आणि १०६ मिलिमीटर. नळ्या ११४, १०२, ८७. लपवण्याचा सगळा प्रश्न त्या पहिल्या आकड्यांत आहे, १३९ आणि १०६ मधल्या तीन सेंटीमीटरांत. म्हणजे लपवायला शहाणं पिस्तूल कोणतं? लांब नळीचं आणि आखूड मुठीचं. आणि २०१८ मध्ये ग्लॉकने १९एक्स आणलं ते कसं? मूठ १७ ची, नळी १९ ची! नेमकं उलट. ते सैन्याच्या चाचणीसाठी केलेल्या पिस्तुलातून आलं, आणि सैनिकाला लपवायचं नसतं, हे मान्य. पण नागरिकांनी ते हौसेने घेतलं आणि शर्टाखाली घालून माझ्याकडे आले. वर्षभरात ४३एक्स आलं, त्यातही मूठ वाढवली, नळी आखूडच ठेवली.

यावर माझ्याच क्षेत्रातले लोक मला ऐकवतात की मूठ हाताला लागते. खरं आहे, आणि अडचण नेमकी तिथे आहे. करंगळी मुठीवर बसली तर पिस्तूल हातात घट्ट राहतं, ती हवेत लोंबली की प्रत्येक गोळीमागे पकड नव्याने बसवावी लागते. मॅगझिनही मुठीतच असतं, म्हणून गोळ्यांची संख्या तिथेच ठरते: १७, १५, १०. जे हाताला हवं तेच शर्टाला नको. बाकी सगळी चर्चा या तीन सेंटीमीटरांभोवती फिरते, आणि कोणतीही कंपनी ते दोन्ही बाजूंना देऊ शकत नाही.

गोळीच्या व्यासावरूनही लोक भांडतात. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. नऊ मिलिमीटरची एक गोळी एका दरोडेखोराच्या छातीत शिरून हृदयाआधी थांबली, म्हणून एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली आणि दोन दशकांहून जास्त काळाने पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली. आजच्या चांगल्या गोळ्यांत फारसा फरक उरलेला नाही, एवढं म्हणून मी तो विषय बंद करतो. विद्यार्थी करत नाहीत.

ही छोटी पिस्तुलं एवढी वाढली कशी, याचीही एक गंमत आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली आणि ती २००४ पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार तर मोठी मूठ कशाला? पुढच्याच वर्षी दहा गोळ्यांचं ग्लॉक २६ आलं. त्याच काळात एकेक राज्य लपवून बाळगण्याचे परवाने देऊ लागलं होतं. टेक्सासने १९९५ मध्ये कायदा केला. त्यामागे किलीन गावातलं १९९१ चं हत्याकांड होतं. एका कॅफेटेरियात २३ माणसं मारली गेली. तिथे जेवत असलेल्या सुझाना हप यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते लपवून बाळगणं बेकायदा होतं. त्यांचे आईवडील तिथे मारले गेले. पुढे त्या आमदार झाल्या. ‘घरी राहिलेलं मोठं पिस्तूल काय कामाचं?’ असं कुणी विचारलं की मला त्यांचं नाव आठवतं आणि माझा वाद थोडा मऊ होतो.

पण खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचा इतिहास स्वसंरक्षणाचाच नाही. १८६५ मध्ये लिंकनवर झाडलेलं डेरिंजर, १९१४ मध्ये सारायेव्होत वापरलेलं ब्राउनिंगच्या आराखड्याचं एफएन, आणि ३० जानेवारी १९४८ ला पुण्याहून गेलेल्या माणसाच्या हातातलं बेरेटा ही तिन्ही साधारण पंधरा सेंटीमीटर लांब. पी३६५सुद्धा तेवढंच. दीडशे वर्षांत रसायन बदललं, धातू बदलले, माणसाचा खिसा तेवढाच राहिला. वर्गात मी हे सांगतो तेव्हा काही जणांना आवडत नाही. त्यांनी पैसे दिलेले असतात ते धीर येण्यासाठी.

धीर मला देता येत नाही, मी फक्त सवय लावू शकतो. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कमरेला लावायचं पिस्तूल रात्री घरातच येतं. म्हणून मी आकाराआधी तिजोरीचं विचारतो, घरात कोण कोण आहे आणि कोण खचलेलं आहे ते विचारतो. काही जणांना ही भोचक चौकशी वाटते. एकदोघांना मी घेऊ नका म्हणून सांगितलं, ते दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेले.

आता उत्तर. बहुतेकांनी मधल्या आकारापासून सुरुवात करावी, १९ च्या जवळपासचं काहीही. चाप पूर्ण झाकणारं टणक होल्स्टर आणि जाड पट्टा यांवर काटकसर करू नये. पर्स नको. हात तयार झाला की मग हवं तर छोट्याकडे यावं, उलट्या क्रमाने नको. मी स्वतः हिवाळ्यात मधलं बाळगतो आणि उन्हाळ्यात, एवढं सगळं बोलून, छोटं. ते छोटं घेऊन मी दर आठवड्याला रेंजवर जातो, कारण सुट्टी पडली की त्याच्यावरचा माझा हात लगेच बिघडतो. हे करायला ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्यासाठी मोठं की छोटं हा प्रश्न नाहीच. त्याने दाराला चांगलं कुलूप लावावं आणि कमरेला मोबाइल ठेवावा.