सदतीस पूर्णांक तेहतीस

चिंचवड,
२ फेब्रुवारी २०२५

चि. अमोल यास,


परवा तू सेकंड शिफ्टच्या आधी जेवायला आलास, दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांवरून आपला वाद पेटला आणि नेमकी बसची वेळ झाली. ताट तसंच ठेवून तू उठलास. तुझं बोलणं मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. फोनवर या गोष्टी धड बोलता येत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

तू म्हणालास, "मामा, पिक्चर आला म्हणून त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बावन्न वर्षांपूर्वीच्या मेडलला आता पुरस्कार द्यायचा, तर आज घाम गाळणाऱ्या पोरांनी काय करायचं? आणि दिव्यांगांच्या स्पर्धेत तेव्हा पोहायला होतंच कोण?"

पिक्चरचं आधी. पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' लागला २०२४च्या जूनमध्ये. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. पिक्चरमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं, हे मी नाकारत नाही. पण त्यात कमीपणा कोणाचा? पेटकर राहतात आपल्या थेरगावात. टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी नोकरी केली. मी भोसरीत तीस वर्षं लेथवर काढली आणि २०१८पर्यंत मला हे नाव ठाऊक नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या शेजारच्या माणसाची ओळख करून द्यायला मुंबईहून पिक्चर यावा लागला, हा दोष आपला आहे. तो त्यांच्या खाती मांडू नकोस.

आता 'पोहायला होतंच कोण' याबद्दल. १९७२ला ऑलिम्पिक म्युनिकला होतं. पण तिथलं खेळाडूंचं गाव नंतर घरं म्हणून द्यायचं ठरलं होतं, म्हणून दिव्यांगांची स्पर्धा हायडेलबर्गला नेली. ऑगस्ट १९७२. चाळीसहून जास्त देश आले होते. पन्नास मीटर फ्रीस्टाइल पेटकर ३७.३३ सेकंदांत पोहले. सुवर्ण, आणि जागतिक विक्रम. तेव्हा एकेका गटात आजच्याइतकी गर्दी नसायची, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण घड्याळाला शेजारच्या लेनमध्ये कोण आहे ते कळत नाही रे. ते फक्त आकडा दाखवतं.

हा आकडा काय आहे ते मला तलावात उतरल्यावर कळलं. गेल्या वर्षी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून पहाटेच्या बॅचला जायला लागलो. एकदा कोचने मांड्यांमध्ये धरायला फोमचा ठोकळा दिला आणि पाय अजिबात न हलवता जायला सांगितलं. दहा मीटर बरे गेले. मग खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ठोकळ्याशिवाय तसंच करून पाहिलं. पाय आपोआप खाली जातात, कंबर बुडते, आणि हात आपल्यालाच ओढत आहेत की पाणी ढकलत आहेत तेच कळेनासं होतं. पंचवीस मीटरचा तलाव, म्हणजे मध्ये एकदा वळायचं. वळताना भिंतीला पाय लावून जो रेटा मिळतो, तोही नाही. कोचने वेळ सांगितली, एक मिनिट एकेचाळीस सेकंद. मी साठी ओलांडलेला माणूस, माझी तुलना करायचीच नाही. पण बाहेर आल्यावर पायरीवर बसून राहिलो आणि तो सदतीसचा आकडा पहिल्यांदा मला नीट समजला.

त्या माणसाच्या पायांत बळ नव्हतं. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचा मुलगा, लष्कराच्या ईएमई या तांत्रिक विभागात गेला, बॉक्सर झाला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्यात. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं, तिथून पोहणं सुरू झालं. १९६८ला तेल अवीवला दिव्यांगांच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळून आले. हायडेलबर्गलाही पोहण्याशिवाय भालाफेकीच्या दोन प्रकारांत आणि स्लॅलममध्ये अंतिम फेरीपर्यंत गेले. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण आपल्याला मिळालं थेट २००८ला, अभिनव बिंद्राचं. त्याच्या छत्तीस वर्षं आधी हे सुवर्ण देशात येऊन पडलं होतं.

१९८२ला त्यांनी अर्जुनसाठी अर्ज केला, तो दिव्यांग म्हणून नाकारला गेला, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तू क्वालिटीत आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. जॉब बरोबर होता, गेजच त्या मापाचं बनवलेलं नव्हतं. अशा वेळी तू जॉबला लाल टॅग लावतोस का? पुढे गेज आलं आणि जॉब पास झाला, तर तो बरोबर कधी होता? ज्या दिवशी मशीनवरून उतरला त्या दिवशी. पुरस्कार २०२५ला हातात पडला तरी पात्रता १९७२चीच आहे.

आणि कोणाची जागा त्यांनी घेतलेली नाही. अर्जुन मुख्यतः मागच्या चार वर्षांच्या कामगिरीवर देतात. जुन्या खेळाडूंसाठी पूर्वी ध्यानचंद पुरस्कार होता. तो बंद करून २०२४ला अर्जुनमध्येच जीवनगौरव हा वेगळा भाग केला. त्यात या वेळी दोनच नावं होती, अ‍ॅथलेटिक्सचे सुचा सिंग आणि पेटकर. आजच्या पोरांची यादी वेगळी, आणि तिच्यात पंधराहून जास्त पॅरा खेळाडू आहेत. सचिन खिलारी बघ. आटपाडी तालुक्यातला, पॅरिसला गोळाफेकीत रौप्य. पेटकरही सांगली जिल्ह्याचेच. एकाला पदक मिळालं त्याच वर्षाच्या यादीत नाव, दुसऱ्याला बावन्न वर्षं. सतरा जानेवारीला राष्ट्रपती भवनात पेटकर कुबड्यांवर चालत पुढे गेले तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. तुझी आई टीव्हीसमोर रडत होती, तुला माहीत आहे.

'आता देऊन काय उपयोग' असं तू जाता जाता म्हणालास, ते मला सगळ्यात जास्त लागलं. खाशाबा जाधवांचं आठव. १९५२ला हेलसिंकीला कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांचा अर्जुन २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, म्हणून तो आजही नाही आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे लोक अजून मागताहेत. पुरस्कार मिळाला तेव्हा पेटकर ऐंशीचे होते. त्यांच्या स्वतःच्या हातात ती मूर्ती पडली. उशीर झाला, पण माणूस गेल्यावर देण्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

मी एक अर्ज लिहिला आहे. आमच्या तलावावर नियमांची पाटी आहे, बॅचच्या वेळांची पाटी आहे. तिथे आणखी एक लावावी, एवढंच मागितलं आहे: मुरलीकांत पेटकर, हायडेलबर्ग १९७२, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद. पोहायला येणाऱ्या पोरांना रोज दिसेल. पहाटेच्या बॅचच्या एकवीस जणांनी सह्या केल्या आहेत. गुरुवारी तुला सुट्टी आहे, तेव्हा ये, अर्ज वाच. पटला तर सही कर आणि एक कोरा कागद बसमधल्या मित्रांसाठी घेऊन जा. येताना पोहायचे कपडे आण. फोमचा ठोकळा मी कोचकडून मागून ठेवतो.

तुझा,
मामा